मासळीच्या गाडीतला अणू

१२ नोव्हेंबर १९८६, बुधवार

आम्ही बायांनी गाडी घेतल्यापासून एडवणच्या पुरुषांना आमची फार काळजी वाटू लागली आहे. इतकी वर्षं डोक्यावर पाटी घेऊन एस.टी.मागे धावत होतो. कंडक्टर 'मासळीवाल्या मागच्या गाडीने' म्हणून घंटी मारत होता आणि मागची गाडी काही येत नव्हती. तेव्हा कोणाला काळजी वाटली नाही. पाट्या आपटल्या, मासळी रस्त्यावर सांडली, तेव्हाही नाही. आता भिशी मोडून पिकअप घेतली, तर देवळाच्या ओट्यावर रोज सभा भरते. विषय एकच: बायका गाडी बुडवणार कधी.

गाडी जुनी आहे, मान्य. तारापूरचं अणुवीज केंद्र बांधायला आलेले अमेरिकन साहेब तिथल्या कॉलनीत राहत होते, त्यांतल्या एकाने बोटीतून आणलेली. साहेब गेला, गाडी राहिली. मग ठेकेदार, मग वीटभट्टीवाला, मग आम्ही. स्टिअरिंग डावीकडे. माझा धाकटा दीर देवू चालवतो. पुढची गाडी ओलांडायची असली की पलीकडे बसलेली नवसी मान बाहेर काढते आणि सांगते, "चल, मोकळं हाय," नाहीतर, "थांब मेल्या, ट्रक येतोय." नवसी आमच्यातली सगळ्यांत मोठी. तिला उजव्या डोळ्याने धड दिसत नाही हे देवूला अजून कोणी सांगितलेलं नाही.

आज माकुणसारच्या पुढे इंजिन किंचाळायला लागलं. थेट डुक्कर धरल्यासारखं. शेतातली माणसं उभी राहून बघत होती. देवूने बॉनेट उघडलं आणि इंजिनच्या कडेला एका पट्ट्यावर फिरणारा गोल डबा दाखवला.

"ओरडतोय तो हा, वैनी."

"मग गप्प कर त्याला."

"काय हाय तेच ठावं नाय."

घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं. कृष्णकांत होड्या दुरुस्त करतो. जे तरंगत नाही त्यावर त्याचं मत नसतं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

बोईसरला बाजार चांगला झाला. बोंबलाचे वाटे दुपारच्या आत संपले. सरंगे कॉलनीवाल्यांनी नेले. बर्फशेटचा टेम्पो शेजारीच उभा होता. हा शेट आजवर टेम्पोत बर्फ भरून आमच्या किनाऱ्यावर यायचा, स्वतःच्या भावाने मासळी उचलायचा आणि वर आम्हालाच उपकार केल्यासारखं बघायचा. आज त्याने आमच्याकडे बघितलं ते निराळ्या नजरेने. मला ती नजर आवडली.

एक चष्मेवाला मात्र डोकं खाऊन गेला. पॅन्ट-शर्ट, हातात पिशवी. मासळीला बोट लावून बघतोय, वास घेतोय, घेत काही नाही. देवूने बॉनेट उघडं ठेवलं होतं. याची नजर त्या गोल डब्यावर.

"हे काय आहे?"

"इंजिन."

"ते समजलं. हे गोल?"

मी गिऱ्हाइकाचे पैसे मोजत होते. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हटलं, "अणुभट्टी आहे, लहान. साहेब जाताना विसरला. मासे तिच्यावरच ताजे राहतात, म्हणून तर बर्फ लागत नाही आम्हाला."

चष्मा नाकावरून घसरला बिचाऱ्याचा. नवसी पदरात तोंड घालून हसली. असल्या रिकामटेकड्यांना एकदा असं वाटेला लावलं की पुन्हा येत नाहीत.

परतताना झुंबरच्या गॅरेजला थांबलो. झुंबर बीडकडचा, पण तारुण्यात कॉलनीच्या गाड्या धुवायला होता, त्यामुळे या गाडीची त्याला जुनी ओळख. म्हणाला, "ह्यो हवेचा पंप हाय, बाई. इंजिनचा न्हाई, धुराचा. भायरची ताजी हवा वढतो आन् धूर जिथनं निघतो तिथं आत सोडतो. जळायचं ऱ्हायलेलं पेट्रोल तिथंच जळून जातं. धूर साफ. साहेबाच्या मुलखात तसा कायदा हाय."

"आणि आपल्या?"

"आपल्यात हॉर्न वाजला तरी गाडी पास."

पंपाच्या आतलं बेअरिंग गेलंय, म्हणून ओरडतो. काढून टाकला तरी गाडीला काही होणार नाही, म्हणाला. फक्त त्याच्या नळ्या जिथे इंजिनात शिरतात ती भोकं आट्यांच्या लोखंडी बुचांनी बंद करायला हवीत. बुचं लेथवरून करून घ्यावी लागतील. म्हटलं, घाई नाही, ओरडतोय तर ओरडू दे.

गॅरेजच्या मागे कारखान्यांची रांग. एका धुराड्यातून पिवळा धूर, दुसऱ्यातून पांढरा, तिसऱ्यातून दिसत काहीच नाही पण डोळे चुरचुरतात. एवढ्या आभाळाखाली आपला धूर धुऊन सोडणारी वस्तू एकच, आणि ती बोंबील वाहते. गाडीबद्दल पहिल्यांदाच मला अभिमान वाटला.

१९ नोव्हेंबर, बुधवार

काहीतरी बिनसलं आहे. बुधवार असून गिऱ्हाईक फिरकलं नाही. येतात, लांबून बघतात, आपसात कुजबुजतात, जातात. एका बाईने बोंबील हातात घेतला, पदराच्या अंधारात धरला आणि आत डोकावून बघितलं.

"काय बघतेस गो?" नवसीने विचारलं.

"चमकतो का ते."

अर्धी मासळी परत आणली. खारवून वाळत घातली.

२० नोव्हेंबर, गुरुवार

कळलं. बोईसरभर झालं आहे की आमच्या गाडीत अणूचं यंत्र आहे. अमेरिकन साहेबाने चोरून ठेवलेलं. मासे म्हणे त्याच्यावरच ताजे राहतात, म्हणून आम्हाला बर्फ लागत नाही! असल्या अचाट कल्पना लोकांच्या डोक्यात येतात तरी कुठून? रशियातली ती भट्टी फुटल्याचं पेपरात वाचल्यापासून बोईसरचा जो तो शास्त्रज्ञ झाला आहे.

पण हे आपोआप झालेलं नाही. बर्फाचा उल्लेख आला तिथेच मी ओळखलं. बर्फाचं दुःख कोणाला? बर्फशेटला. हे काम त्याचंच. एवढं पक्कं काम दुसरं कोण करणार?

संध्याकाळी सगळ्या बाया आमच्या अंगणात जमल्या. कोणाचा जीव थाऱ्यावर नाही. मार्गशीर्ष लागला की निम्मी गिऱ्हाइकं मासळी सोडतात, म्हणजे त्याच्या आधी जो धंदा होईल तो. ठरलं ते असं: मार्गशीर्ष लागेपर्यंत बोईसरला आमची मासळी पहिल्यासारखी खपली नाही तर गाडी भंगारवाल्याला द्यायची आणि गपचूप शेटच्या टेम्पोत पाट्या चढवायच्या. मी म्हटलं, मी त्याच्या टेम्पोत चढणार नाही, पुन्हा डोक्यावर पाटी घेईन. नवसी म्हणाली, "तुझ्या डोक्याला सवय हाय गो. आमच्या माना गेल्या."

मी शेटचं नाव घेतलं, तेव्हा नवसी जमिनीकडे बघत राहिली. कृष्णकांत जाळं विणत बसला होता, त्याने मान वर केली.

"बाजारात कोणी काय इचारलं होतं का तुला? त्या डब्याचं?"

"मला? मी कशाला कोणाला काय सांगू?"

"तसं नाय. इचारलं."

हा माणूस महिन्यात एक प्रश्न विचारतो आणि तोही चुकीच्या माणसाला.

२२ नोव्हेंबर, शनिवार

पंप काढला!

झुंबरकडे काल निरोप पाठवला होता. उत्तर आलं की लेथवाला गावाला गेला आहे, आठवड्याने या. आठवडा! मार्गशीर्ष काय झुंबरच्या लेथवाल्यासाठी थांबणार? होडीचं भोक एका ओहोटीत बुजवून भरतीला समुद्रात जाणारी माणसं आम्ही, आम्हाला बुचं शिकवतो.

सकाळी देवूने पट्टा सैल करून उतरवला. पंप दोन बोल्टांवर लटकलेला, तो लगेच सुटला. रबरी नळ्याही सुरीने कापून मोकळ्या केल्या. एक बारीक नळी इंजिनच्या दुसऱ्या अंगाला गेलेली, तीही निघाली. तिच्या जागी लाकडाचं पाचर ठोकलं. खरा त्रास पुढे. लोखंडी नळ्यांची एक फणी होती, तिचा एकेक दात इंजिनच्या कुशीत शिरलेला. गंज असा की लोखंड कुठलं नि गंज कुठला समजेना. रॉकेल ओतलं. वाट बघितली. देवूने पान्याला लोंबकळून बघितलं. मग नवसीने पाना धरला, देवू तिला धरून लोंबकळला आणि पहिली नळी सुटली. एक मोडली, तिचा तुकडा ठोकून बाहेर काढावा लागला. शेवटची निघाली तेव्हा बाया जाळ्यात सरंगे लागल्यावर ओरडतात तशा ओरडल्या.

भोकं मात्र उघडी. फुंकलं तर इंजिन बासरीसारखं वाजेल अशी ओळ.

कृष्णकांत आला, बघितलं, घरात गेला. बाहेर आला तो कापूस, राळ आणि तेलाचं भांडं घेऊन. होडीच्या फळ्यांच्या सांध्यात भरतात तसा कापूस पिळून प्रत्येक भोकात ठोकला, वरून राळ चोपडली. काय हात चालतात त्याचे! मी दिवा धरल्यासारखी नुसती उभी होते.

"पानी शिरनार नाय," तो म्हणाला.

इंजिन सुरू केलं. किंचाळणं बंद. लेकरू झोपल्यासारखी शांत गाडी. देवू म्हणाला, पंप खाडीत फेकू. नवसी म्हणाली, "खाडीत टाकलास तर उद्या खाडीची मासळी कोण खाईल रे?" तेव्हा गोणत्यात गुंडाळून घरी ठेवला.

उद्या रविवार. आता बघते कोण अणूचं नाव काढतं.

२३ नोव्हेंबर, रविवार

होडीखाली समुद्र असतो, आणि समुद्र गार असतो. इंजिनची ती जागा निखाऱ्यासारखी तापते. हे आमच्यापैकी कोणाच्याही डोक्यात आलं नाही, कारण आमच्या डोक्यांवर आजवर पाटीखेरीज काही ठेवलं गेलेलं नाही.

माकुणसारला वास आला. देवळात राळ जाळतात तसा. नवसीने हात जोडले. केळवे रोडला बॉनेटच्या फटीतून पांढरा धूर यायला लागला. मी म्हटलं, चालव, थांबायचं नाही, थांबलो तर लोक बघतील. पालघरच्या चौकात पोहोचलो तेव्हा पुढचा रस्ता धुरामुळे नवसीच्या चांगल्या डोळ्यालाही दिसत नव्हता.

मग पहिलं बूच उडालं. फाट्! बॉनेटवर आतून आदळलं. मग दुसरं. मग सगळी एकामागून एक, दिवाळीची माळ लावल्यासारखी. उघडी भोकं सुटल्यावर इंजिन जे गर्जलं, ते ऐकून चौकातली माणसं दुकानांत शिरली आणि दुकानांतली फळ्या लावायला लागली. पेटलेला कापूस खाली पडला, तो देवूने चपलेने विझवला.

"फुटला! अणू फुटला!" कोणीतरी ओरडलं. चौक रिकामा.

काल अणू फक्त बोईसरला होता. आज तो पालघरलाही आहे. गाडी बैल लावून आणली. बैलवाला विचारत होता, त्याच्या बैलांना काही होणार नाही ना.

२४ नोव्हेंबर

कृष्णकांत सकाळपासून होडीखाली झोपून आहे. मी जेवायला बोलावलं. आला नाही. मीही दुसऱ्यांदा बोलावलं नाही.

२६ नोव्हेंबर, बुधवार

देवू आणि मी गाडी बैल लावून ओढत झुंबरकडे नेली. कृष्णकांत न बोलावता बरोबर आला. झुंबरने भोकं बघितली, जळका कापूस चिमटीने काढला, वास घेतला आणि डोळे मिटले.

"हितं सत्यनारायण घातला व्हता का?"

कृष्णकांत गॅरेजबाहेर जाऊन उभा राहिला. मी झुंबरला म्हटलं, "हसायचं असेल तर मला हस. कापूस भरायला मी सांगितलं." सांगितलं नव्हतं. पण झुंबरने हसणं थांबवलं.

लेथवाला आलेला होता. बुचं तयार झाली, आटे पाडून घट्ट बसवली. त्या लाकडी पाचराच्या जागीही नीट रबरी टोपण बसलं. गाडी सुरू झाली. सायलेन्सरमधून काळसर धूर निघाला, बोईसरमधल्या कुठल्याही गाडीचा निघतो तसा. झुंबर म्हणाला, "आता झाली तुमची गाडी हितली."

नळावर एक बाई कपडे धूत होती. झुंबरची शेजारीण, सोजराबाई. तिच्या पायांखालून वाहणारं पाणी लालभडक. मला वाटलं काहीतरी कापलं.

"न्हाई ओ. मालकाची कापडं हायेत. रंगाच्या कंपनीत जात्यात." मग तिने मला खालीवर बघितलं. "तुमीच का त्या अणूवाल्या?"

मी पदर खोचला आणि गाडीत जाऊन बसले.

वाटेत मी ठरवलं. पंप घरात गुंडाळून ठेवला म्हणून लोक घाबरतात. झाकलेल्याची भीती असते. रविवारी भर बाजारात तो सगळ्यांसमोर फोडायचा. आत काय आहे ते बघा आणि मासळी घ्या. मंगळवारपासून मार्गशीर्ष. त्याआधी दुसरा रविवार नाही.

घरी आल्यावर कृष्णकांत म्हणाला, "आत काय नाय, म्हंजे लोक ऐकतील असं तुला वाटतंय?"

"काही नसल्यावर काय ऐकणार नाहीत?"

तो समुद्राकडे बघत बसला. पाठीकडून तो नेहमी शहाणा दिसतो.

३० नोव्हेंबर, रविवार

पहाटेची मासळी भरली. सगळ्या बाया आल्या, एकीनेही घरी राहायचं म्हटलं नाही. कृष्णकांतही मागे पाट्यांत बसून आला, हा माणूस एरवी होडी सोडून कुठे जात नाही.

बोईसरच्या बाजारात मधोमध गाडी लावली. गोणता सोडून पंप फळीवर ठेवला. आमच्यापासून सहा हातांवर कोणी गिऱ्हाईक नव्हतं, पण तमाशाला बाजार कधी कमी पडत नाही. बर्फशेटही टेम्पोच्या पायरीवर चढून बघत होता. झुंबर पाना घेऊन आला.

मी ओरडले, "या! जवळ या! अणू बघायला पैसे नाय!"

कोणी जवळ आलं नाही. झुंबरने बोल्ट सोडले आणि झाकण उचललं. पुढची माणसं मागच्यांच्या पायांवर चढली. आत पातळ पात्यांचं एक चक्र आणि थोडी काळी भुकटी. बस. मी हात आत घातला, भुकटी बोटावर घेतली, सगळ्यांना दाखवली, कपाळाला टिळा लावला. झुंबरने चक्र फिरवून दाखवलं. फूस करून हवा आली.

"हवा," मी म्हटलं. "एवढंच. तुमच्या सगळ्यांच्या नाकात आहे तीच."

मला वाटलं, झालं.

मग गर्दीतून एक चष्मेवाला पुढे आला. पॅन्ट-शर्ट, पिशवी.

"बाई, अणू डोळ्यांना दिसत नाही. शास्त्र आहे ते."

सगळा बाजार मान हलवायला लागला. दिसत नाही! म्हणजे आहेच की!

"दिसत नाही तर तुमच्या चष्म्याचा उपयोग काय?" मी म्हटलं.

"तुम्हीच तर मला सांगितलंत, याच जागी, की अणुभट्टी आहे म्हणून!"

लोकांच्या माना माझ्याकडे. नवसीला खोकला आला आणि थांबेना. कृष्णकांत पाट्यांमागे काहीतरी शोधायला वाकला. हा माणूस शेटने पाठवलेला होता हे उघड आहे. मी त्याला जन्मात पाहिलेलं नाही, आणि पाहिलं असलं तरी बाजारात माणूस शंभर गोष्टी बोलतो.

"मी सांगितलेलं सगळं खरं मानता?" मी म्हटलं. "मग आता सांगते, हवा आहे. माना."

ऐकेल तर चष्मा कसला.

मी झाकण परत लावलं, पंप जमिनीवर आडवा ठेवला आणि त्याच्यावर बसले. बूड जळायचं असेल तर माझं जळू दे. पुढ्यात वाटे लावले आणि नेहमीच्या आवाजात ओरडायला लागले. गर्दी पांगली. ऊन वर आलं. पाट्यांखालून पाणी वाहायला लागलं. शेटने माणूस पाठवला: निम्म्या भावात सगळी उचलतो, उन्हात सडण्यापेक्षा बरं. मी म्हटलं, त्यांना सांग, अणू लागेल, बर्फ वितळेल. नवसी कानाशी आली.

"उषा, भाव उतरव गो. थोडं खपू दे. बाया रडवेल्या झाल्यात."

"उतरवला तर मासळीत खोट आहे हे आपणच बोललो. मग उद्याही उतरवायचा आणि परवाही."

"उद्या कुठला आणलास? आज खपलं नाय तर उद्या गाडीच नाय."

बरोबर होतं तिचं. मी भाव उतरवला नाही.

तेवढ्यात सोजराबाई आली. हातात पिशवी, चाल अशी की वाटेतली माणसं बाजूला व्हावीत. वाट्यापुढे उकिडवी बसली, एकेक बोंबील उलटापालटा केला.

"कसा दिला?"

मी नेहमीचा भाव सांगितला.

"अणू लागलाय म्हनत्यात. निम्म्यात दे."

"अणू लागला असेल तर निम्म्यात तरी कशाला नेतेस? पोरांना घालायला?"

"म्हंजी न्हाई लागला?"

"नाय."

"मग माल चांगला हाय, गिऱ्हाईक न्हाई, ऊन चढलंय. निम्म्यात द्यायला काय जातंय तुझं?"

आजूबाजूला हसू फुटलं. पांगलेली माणसं परत गोळा व्हायला लागली. अणू बघायला आली नव्हती इतकी भांडण बघायला आली.

"भाव तोच," मी म्हटलं.

"बस मग त्या डब्यावर उबवत." ती उठली, कोंबडीवाल्याकडे गेली, तिथे त्याला चार शब्द सुनावले, भाजीच्या रांगेतून फिरली आणि परत माझ्यापुढे येऊन उभी राहिली. चष्मेवाला तिला म्हणाला, "ताई, घेऊ नका, लहान मुलं असतील घरात."

सोजराबाई त्याच्याकडे वळली.

"हायेत की. त्यांच्या बापाच्या पायाचं पानी रोज लाल निघतंय. उशीवर मान टेकली की उशी लाल. थुकला तरी लाल. तवा कुनी आलं न्हाई ओ सांगाया, ताई, नवरा घेऊ नका." ती पुन्हा उकिडवी बसली. "बांध गं वाटा. तुझ्याच भावानं. पर वर एक टाक."

वर एक टाकणं म्हणजे वाट्यावरचा जादा बोंबील. तो नेहमीच्या गिऱ्हाइकाला देतात, मागितल्याशिवाय. माझा हात पाटीकडे गेलाही होता. पण तिने आत्ता जे सांगितलं त्यानंतर टाकलेला बोंबील कीव म्हणून टाकल्यासारखा झाला असता, आणि ती काही कीव मागायला आली नव्हती.

"वर नाय. तू माझी नेहमीची नाय."

"आगं, सगळ्या बाजारात एकलीच घ्याया आलीय, आन् वर न्हाई?"

"एकटी आलीस म्हणून काय झालं? पुढच्या वेळी ये, मग टाकीन."

"बुधवारी येईन. आत्ता टाक."

"बुधवारी ये. बुधवारी टाकते."

"काय चिकट बाई हाय!" ती सगळ्या बाजाराला सांगायला लागली. "बगा ओ, अणू फुकट देती म्हनं, आन् एक बोंबील सुटंना हातातनं!"

आमचा आवाज चढत गेला. माझ्या आजीपासून तिच्या आजीपर्यंत सगळ्या आल्या. आणि आम्ही भांडत असताना एका बाईने हळूच कोपऱ्यातला वाटा उचलून नवसीच्या हातात पैसे ठेवले. मग दुसरीने. "मला वर टाकनार असशील तर घेते," तिसरी म्हणाली. नवसीने टाकला. मी डोळे वटारले, तिने चांगला डोळा मिटून घेतला आणि दुसऱ्यानेच माझ्याकडे बघितलं.

सगळी खपली नाही. बरीच खपली. भावाने खपली. जाताना देवूने शेटच्या टेम्पोजवळून गाडी मुद्दाम सावकाश नेली आणि नेमक्या जागी धूर सोडला. आता आमच्याही गाडीला तेवढं येतं.

घरी आल्यावर गाडी विकायची की नाही हे बायांपैकी कोणी विचारलंच नाही. सगळ्या पाट्या धुवायला बसल्या. कृष्णकांत पंप घेऊन होडीकडे चालला होता.

"काय करतोस त्याचं?"

"नांगराला वजन कमी पडतंय."

३ डिसेंबर, बुधवार

मार्गशीर्ष लागला. गिऱ्हाईक कमी, पण जे आलं ते वास घेऊन, डोळे बघून, कल्ले उचलून, माणसाने मासळी बघावी तसं बघून घेऊन गेलं. कोणी पदराखाली धरली नाही.

ऊन चढायच्या आत सोजराबाई आली. भाव विचारला नाही. वाटा पिशवीत घातला, पैसे ठेवले आणि तळहात पुढे करून उभी राहिली. मी पाटीतून एक बोंबील उचलून तिच्या हातावर ठेवला. तिने तो शेपटीला धरून लोंबता केला आणि दोन्ही बाजूंनी बघितला.

"ह्यो तर ल्हान हाय."

"मोठा हवा असेल तर शुक्रवारी ये," मी म्हटलं.